मामूची अमानत

सोहार, ओमान, २ मे

मजीद,

सलाम-दुआ काही लिहीत नाही. तुझी तब्येत विचारायचीही इच्छा नाही. व्हॉट्सअपवर तू मला ब्लॉक केलंस, तुझ्या दूल्हाभाईंना केलंस, आमच्या मुस्कानच्या टॅबवरूनसुद्धा तुला फोन लागत नाही. आठ वर्षांच्या भाचीला घाबरलास होय रे? म्हणून कागद घेऊन बसले. आपण दोघं दाभोळच्या मराठी शाळेत शिकलो त्याचा एवढा तरी उपयोग. आमच्या खालच्या मजल्यावरचे बाबामियाँ परवा गावी चाललेत, त्यांच्या हाती हे देते. माँच्या हातात नको, मजीदच्याच हातात द्या, असं त्यांना बजावलंय.

तुला सगळं ठाऊक आहे. तरी माझ्या तोंडून ऐक. गेल्या रविवारी शाळेत मधल्या सुट्टीत साकिबच्या दप्तरातून पिस्तूल निघालं. तू माझ्याकडे ठेवलेल्या बॅगेतलं. ते उडालं आणि गोळी कीथच्या गुडघ्यात गेली. कीथ म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या फ्लावियाचा मुलगा, वसईवाल्यांचा, ईदला तुझ्या शेजारी बसून शीरखुर्म्याच्या तीन वाट्या ओरपल्या तो. त्याचं ऑपरेशन झालं, अजून एक व्हायचंय. जिवावरचं पायावर निभावलं, अल्लाचं शुकर. पण पोरगा धड चालेल का, ते डॉक्टर सांगत नाहीत. आणि माझा साकिब लहान मुलांना ठेवतात त्या ठिकाणी पोलिसांच्या ताब्यात आहे. पंधरा वर्षांचा पोर. घरी अंधारात पाणी प्यायला उठायचं तरी मला हाक मारतो.

तू निघायच्या आदल्या दिवशी अस्रच्या नमाजानंतर निझवाच्या दुकानातून आलास, चहा प्यायलास, माझ्या हातच्या सांदणांना नावं ठेवत चार खाल्लीस आणि ती चॉकलेटी बॅग पुढे केलीस. म्हणालास, "आपा, दुकानातली चांदी आहे, टुरिस्टवाली. मी नसताना मालकाचा, अर्बाबचा पोरगा हात मारील. मी येईपर्यंत ठेव. अमानत आहे." तो शब्द ऐकला आणि माझं तोंड बंद झालं. तुला माहीत होतं ते बंद होणार. या बिल्डिंगमध्ये कोणी सुट्टीवर निघालं की माझ्याकडे काय काय येतं! कासमभाईंच्या बायकोच्या बांगड्या, फ्लावियाच्या कागदांची फाइल, कोणाचे पोपट. मी कधी कशाचं तोंड उघडून बघितलं नाही. हातात वजन घेऊन अंदाजसुद्धा केला नाही. अब्बांनी परक्या माणसाची ट्रंक वर्षानुवर्षं माळ्यावर जपली, तिला वाळवी लागू दिली नाही, पण आत काय आहे ते मरेपर्यंत विचारलं नाही. मी त्यांचीच मुलगी ना.

घरातलं सगळ्यात उंच कपाट साकिबच्या खोलीत. त्यावर ठेवली बॅग. मुस्काननं तिच्यावर बाहुली बसवली म्हणून तिच्या हातावर चापट मारली मी.

पोलिस ऑफिसर अरबीत विचारत होता, एक मल्याळी मुलगी मला हिंदीत सांगत होती. आत काय होतं? माहीत नाही. कधीपासून होती? भाऊ गेला तेव्हापासून. तुम्ही विचारलं नाही? मी म्हटलं, कसं विचारणार, अमानत होती. ती मुलगी शब्द शोधायला लागली, पण ऑफिसरला कळलं, त्यांचाच तो शब्द. लिहायचा थांबला. म्हणाला, "बहिणी, अमाना ठेवून घेणाऱ्यानं सांभाळायची असते. आणि ठेवणाऱ्यानं खरं बोलायचं असतं." मग त्यानं माझ्यासमोर तुला गावी फोन लावला. तू त्याला सांगितलंस की मी बहिणीकडे काहीही ठेवलेलं नाही.

मजीद, मी तिथे समोर बसले होते रे. तुझा आवाज मला ऐकू येत होता.

आता काय झालंय बघ. तू म्हणतोस बॅग माझी नाही. साकिब म्हणतो, पिस्तूल मला वाडीत, त्या कोरड्या ओढ्यात सापडलं. त्यावर कोणाचा विश्वास नाही. मग उरले कोण? साकिबचे अब्बा, तुझे दूल्हाभाई. त्यांचा पासपोर्ट घेतलाय, रोज बोलावतात, कंपनीनं सांगितलंय निकाल लागेपर्यंत घरी बसा. ज्या माणसाला पाल मारायची म्हटली तर घाम फुटतो, त्याला विचारतायत की हत्यारं कुठून आणतोस! बॅगेचं कुलूप तोडलेलं नाही, म्हणून तर संशय जास्त. मला वाटतं पोरानं पिन घालून उघडलं असेल, हल्ली मोबाइलवर काय वाट्टेल ते शिकतात.

एक फोन कर. बॅग माझी, बहिणीला ठाऊक नव्हतं, एवढं बोल. बाकी पुढचं पुढे बघू. मी तुझ्या पाठीशी उभी राहीन, अल्लाची कसम.

तुझी आपा,
सफूरा

सोहार, ११ मे

मजीद,

बाबामियाँचा फोन आला. म्हणाले, तू पत्र पडवीत उभ्या उभ्या वाचलंस, चार तुकडे केलेस आणि म्हणालास, "आपाला सांगा, डोकं ठिकाणावर ठेव. कसली बॅग?" बिचारे म्हातारे लाजले सांगताना. तू नाही लाजलास.

हे पत्रही फाडशील, पण फाडायच्या आधी वाचशील. तुझी सवय मला माहीत आहे.

काल माँचा फोन आला. मला वाटलं, नातवासाठी रडेल. रडली, पण तुझ्यासाठी. म्हणाली, "सफूरा, साकिब अल्पवयीन आहे, लहानांना सोडतात. मजीदला कोण सोडणार? उजमाचं लग्न तोंडावर आलंय, नवरीचा भाऊ जेलमध्ये म्हटल्यावर तिच्याकडे कोण बघणार? तू शहाणी ना, जरा मोठं मन कर." मागून तू सांगत होतास काय बोलायचं ते, मी ऐकलं. माँला 'अल्पवयीन' हा शब्द कुठून येणार? दाभोळच्या मच्छीवालीशी बोलताना लागतो तो?

म्हणजे तुम्ही सगळ्यांनी बसून ठरवलंत. पडवीत, चहा पिता पिता. पोर देऊन टाकू, मोठा वाचवू. माझ्याच माहेरच्या माणसांनी माझं पोर तराजूत घातलं आणि मला वर म्हणतात मोठं मन कर! केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला या वयात कळलं.

माँला मी एवढंच म्हटलं, "उजमाला विचार, तिला असलं लग्न हवंय का?" तिनं फोन ठेवला.

इथलं सांगू? शाळेनं सर्क्युलर काढलं की घरच्यांनी मुलांवर लक्ष ठेवावं. पालकांच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, ही काय संस्कारांची तऱ्हा, दुसऱ्यानं लिहिलं, मोबाइल गेम्स. मग मला ग्रुपमधूनच काढलं. कोणी हे लिहिलं नाही की तीन पोरं वर्षभर साकिबला बाथरूममध्ये कोंडत होती. त्याचा भिजलेला व्हिडिओ वर्गात फिरत होता. हे मला कधी कळलं? गोळी सुटल्यानंतर, कीथच्या बहिणीकडून. साकिब क्लास टीचरकडे गेला होता. मॅडम म्हणाल्या, मॉनिटरला सांग. मॉनिटर त्या तिघांतलाच एक. शाळा म्हणते घर, घर म्हणतं शाळा, मामू म्हणतो कसली बॅग. गोळी मात्र कीथच्या गुडघ्यात. आणि कीथ त्या तिघांतला नव्हताच. साकिबनं दप्तरातून ते काढलेलं पाहिलं तेव्हा कीथनं साकिबचा हात धरला, "ठेव ते आत, यार, पागल झाला काय?" म्हणाला. त्या ओढाताणीत उडालं. पोलिसांना त्यानं हॉस्पिटलच्या पलंगावरून सांगितलं की साकिब ते परत ठेवतच होता. लोकांचं पोर खरं बोललं. माझं वाडीतल्या गोष्टी सांगतंय.

फ्लावियाकडे गेले होते. बिर्याणी घेऊन. काय मूर्ख बाई मी, कोणाच्या घरी मरण असो की बारसं, मला डबाच सुचतो. ती दारात उभी राहिली. मी म्हटलं, फ्लाविया, तुला शपथेवर सांगते, ती बॅग माझी नव्हती, माझ्या भावाची होती, मला काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "सफूरा, बॅग कोणाची ते मला नको सांगू. कपाट तुझं होतं. पोरगा तुझा होता."

डबा परत आणला. जिन्यात मला तिचा राग आला, खूप आला. मी काय केलं गं, असं ओरडावंसं वाटलं. मग घरी येऊन त्या कपाटाकडे बघत बसले. बघ, वर धूळ साचते म्हणून मी दर शुक्रवारी स्टूल घेऊन चढायचे. बॅग उचलायचे, खालून पुसायचे, पुन्हा ठेवायचे. एकदा तरी विचारायचं होतं. भाऊ म्हणाला म्हणून नाही विचारलं. फ्लाविया खोटं बोलली नाही, मजीद. ते मी माझ्या माथी घेते. पण माझ्या वाट्याचं मी घेतलं म्हणून तुझ्या वाट्याचंही घेईन, असं समजू नकोस.

दूल्हाभाई दिवसभर खिडकीत बसतात. कालपासून जेवणाला बोलावलं तर "हो" म्हणतात आणि उठत नाहीत. तुझ्याबद्दल एक वाईट शब्द काढलेला नाही त्यांनी. मीच शिव्या घालते.

हे पत्र कासमभाई नेतायत. मे महिन्यात अर्धं सोहार गावी जातं, माणसांची वाण नाही. एक फाडलंस तर दुसरं येईल.

सफूरा

सोहार, १९ मे

मजीद,

आज मला साकिबला भेटू दिलं. टेबलाच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी, कोपऱ्यात एक पोलिसबाई. बारीक झालाय. ओठांवर मिशीची रेघ दिसायला लागलीय, इतके दिवस माझ्या लक्षातच आली नव्हती.

मी डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, बेटा, कुलूप कशानं उघडलंस? पिन होती? तो म्हणाला, "नो अम्मी. की होती, चावी. मामूने दिली."

मी म्हटलं, काय?

आता तो काय म्हणाला ते त्याच्याच मोडक्या मराठीत लिहिते, माझं काही घालत नाही. "मामू बोलला, ही की तू ठेव, अम्मीला नको देऊ, ती ओपन करून बघेल. निझवावरून एक माणूस येईल, माझं नाव सांगेल, त्याला टॉवेलवालं पार्सल दे. हा आपला बिझनेस आहे. तू आता मोठा झाला."

हाय अल्ला! मी उघडून बघेन? मी? आख्ख्या बिल्डिंगनं ज्या बाईवर डोळे मिटून विश्वास ठेवला, तिच्यावर तिच्या पाठच्या भावाचा नव्हता. आणि तरी बॅग माझ्याच कपाटावर. माझी इमानदारी तुझ्या कुलपाच्या कामी आली. चावी दिलीस कोणाला, तर पोराला. तुझ्या गिऱ्हाइकाला माल द्यायला तू माझ्या साकिबला बसवलंस. माझ्या घराचं तू दुकान केलंस, आणि मी त्या दुकानात तुला सांदणं वाढत होते.

अजून ऐक. ते तिघं त्याला छळतात हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, पण तुला होतं. ईदच्या दिवशी त्यानं तुला सांगितलं. गच्चीवर. मी खाली पानं वाढत होते आणि तुम्हाला हाका मारत होते, आठवतंय? तू म्हणालास येतो येतो. पोरानं मन मोकळं केलं ते आईबापाजवळ नाही, तुझ्याजवळ केलं, कारण तू त्याचा हिरो. मामू गाडी चालवायला देतो, मामू ओरडत नाही, मामू कूल आहे. आणि त्या कूल मामूनं काय केलं? शाळेत जाऊन प्रिन्सिपलसमोर उभा राहिला? दूल्हाभाईंच्या कानावर घातलं? नाही. गाडीतून ते काढून आणलंस, त्याच्या हातात दिलंस, कसं धरायचं, खटका कसा सोडायचा ते दाखवलंस. म्हणालास, "नुसतं दाखवलं ना, तरी परत कोणी तोंड वर करत नाही. आपण कोकणातले मर्द आहोत."

मर्द! कोकणातला मर्द माँच्या पदराआड बसून माझी पत्रं फाडतोय.

सगळ्यात वाईट अजून लिहिलेलंच नाही. त्या रविवारी प्रिन्सिपलच्या ऑफिसबाहेर त्याला बसवलं होतं, पोलिस यायचे होते, हातात फोन होता. त्यानं पहिला फोन मला नाही केला. तुला केला. तू म्हणालास, "माझं नाव घेऊ नकोस. वाडीत सापडलं म्हण. मी आठवड्यात येतो, वकील घेऊन येतो, तुला सोडवतो. मर्दाची जबान." म्हणून तो थापा मारतोय. रोज तीच गोष्ट, तीच वाडी, तोच दगड. मला वाटत होतं बापाला वाचवायला बोलतोय. तो तुला वाचवतोय.

मी म्हटलं, बेटा, ऑफिसरला खरं सांग. वकीलसुद्धा हेच म्हणतात, तू खरं बोललास तर तुझंही बरं होईल आणि अब्बांचंही. त्यानं मान हलवली. "मामू येणार, अम्मी. त्याने प्रॉमिस केलं. तू वेट कर ना."

तू मला ब्लॉक केलंस, बॅग नाकारलीस, पत्र फाडलंस, यातलं काहीच त्याला माहीत नाही. आणि माझ्या तोंडून ते बाहेर पडेना. त्या खोलीत त्याच्याजवळ काय आहे रे? ना मित्र, ना फोन, ना अंथरुणात शेजारी बडबडणारी मुस्कान. फक्त मामू येणार एवढं आहे. ते काढून घेतलं तर पोर उभं कसं राहील, या भीतीनं मी गप्प बसले. मी म्हटलं, हो, येईल इन्शाल्ला. तुझ्यासाठी मी माझ्या पोराशी खोटं बोलले.

पण हे एकदाच. पुढच्या गुरुवारी पुन्हा भेट आहे. तोवर तू ये, नाहीतर फोन कर. तू आलास तर मी जगाला सांगेन की माझा भाऊ चुकला, पण उभा राहिला. साकिबसमोर तुझी मान खाली जाऊ देणार नाही. बकरी ईद आली आहे, या घरात कोणाचा बळी जायचा ते तू ठरवू नकोस.

आणि नाही आलास तर मी त्याला सांगणार. तुझा भाचा तुला कसा बघतो हे तुला माहीत आहे. ते मी माझ्या हातानं मोडणार. त्याला वाचवायचा दुसरा रस्ता तू ठेवला नाहीस. झरीन, कासमभाईंची सून, उद्या निघतेय, तिच्याकडे हे देते. दोन दिवसांत तुला मिळेल. फाड, पण वाच.

सफूरा

सोहार, २९ मे

मजीद,

झरीननं फोन करून सांगितलं, पत्र तुझ्या हातात दिलं आणि तू या वेळी फाडलं नाहीस, खिशात घातलंस. मी वेडी! त्यावर मी चार दिवस काढले. दाराची बेल वाजली की धावायचे. दूल्हाभाई म्हणाले, "सफूरा, तो यायचा नाही." मी त्यांच्यावर खेकसले. माझा भाऊ आहे, म्हटलं, तुम्हाला काय कळणार.

काल गुरुवार होता. या वेळी टेबलाशी ऑफिसर होता, ती मल्याळी मुलगी होती, आमचे वकील होते. मी साकिबला सगळं सांगितलं. ब्लॉक केलं ते, बॅग माझी नाही म्हणालास ते, पत्राचे तुकडे, माँचा फोन. हळू सांगितलं, हात धरून सांगितलं. त्यानं हात काढून घेतला.

"खोटं," म्हणाला. "तू खोटं बोलते. अब्बांना वाचवायला. मामू नाही असं करणार."

जन्मात पहिल्यांदा माझा मुलगा मला खोटी म्हणाला. तुझ्यासाठी.

मग तो ऑफिसरकडे वळला आणि इंग्रजीत म्हणाला, मला एक कॉल द्या, मला नंबर पाठ आहे. त्या मुलीनं सांगायच्या आधीच ऑफिसरला कळलं. त्यानं टेबलावरचा फोन त्याच्याकडे सरकवला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. वकिलांनी माझ्याकडे बघितलं. खरं सांगू? मी मनात दुआ मागत होते. माझ्या तोंडावर माझं पोर मला खोटी ठरवू दे, पण तू "हां बेटा" म्हण. मजीद, मी हरायला तयार होते. मला हरायचंच होतं.

पुढचं तुला माहीत आहे, फोन तूच उचललास. मागे माँच्या कोंबड्या ओरडत होत्या. तू म्हणालास, "कोण?"

तो म्हणाला, "मामू, मी साकिब."

तुझा श्वास ऐकू येत होता. तू लगेच ठेवला नाहीस, म्हणजे तू ओळखलंस, म्हणजे तू विचार केलास. तो पुन्हा म्हणाला, "मामू, तू कधी येतो?" किती साधं विचारलं रे पोरानं. नाव घेतो म्हणाला नाही, धमकी दिली नाही. कधी येतो, एवढंच.

आणि तू म्हणालास, "राँग नंबर."

मी तुझे लंगोट धुतलेत. माँ आजारी असायची तेव्हा तुला कडेवर घेऊन मी शाळेत जायचे, बाई ओरडायच्या तरी जायचे. तुझं पहिलं ओमानचं तिकीट दूल्हाभाईंनी काढलं, निझवाचं ते दुकान त्यांनी शब्द टाकून मिळवून दिलं. मी हे कधी बोलून दाखवलं नव्हतं आणि आजही मागायला लिहीत नाही. मागण्यासारखं तुझ्याजवळ काही उरलेलं नाही. फक्त कळू दे तुला, तू काय विकलंस ते.

साकिब रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं, मी जवळ घेतलं असतं. त्यानं फोन नीट जागेवर ठेवला, वायर सरळ केली. मग त्या मल्याळी मुलीला म्हणाला, सर जे विचारतात ते पुन्हा विचारायला सांगा.

ऑफिसरनं विचारलं, "पिस्तूल कुठून आलं?"

त्यानं सांगितलं. ईदची गच्ची, गाडी, बॅग, चावी, निझवाचा माणूस, सगळं ओळीनं. चावी कुठे लपवली तेही सांगितलं. कीथनं हात कसा धरला ते सांगताना एकदा पाणी प्यायला, आणि म्हणाला, की दप्तरात मी घातलं होतं, ते मला कोणी सांगितलं नव्हतं, ते माझं आहे. आपल्या वाट्याचं त्यानं उचललं, तेही न सांगता. मग ऑफिसरनं विचारलं, "ज्यानं बॅग ठेवली त्याचं नाव?"

साकिब म्हणाला, "मजीद इब्राहीम परकार."

मामू नाही म्हणाला. मोठ्या माणसाला नावानं बोलायचं नाही म्हणून लहानपणी मी त्याला किती धपाटे घातलेत. काल तो पूर्ण नाव बोलला, बापाच्या नावासकट, आणि मी त्याला टोकलं नाही.

त्या मुलीनं लिहिता लिहिता विचारलं, हा तुझा कोण लागतो?

त्यानं माझ्याकडे बघितलं.

म्हणाला, "माझा कोणी नाही. अम्मीचा भाऊ आहे."

सफूरा